सीओ-पीओ अटेनमेंट: आमच्या शून्याचं दीड कसं झालं

१२ जुलै २०२३ ला आमच्या कॉलेजात नॅकची (कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या तपासणीची) पहिली मीटिंग झाली आणि सात क्रायटेरिया, म्हणजे तपासणीचे सात निकष, सात जणांच्या गळ्यात पडले. मी बॉटनीची, त्यामुळे मला सातवा मिळणार हे मी धरूनच चालले होते, झाडं लावायची, ग्रीन ऑडिट करायचं, फोटो काढायचे. पण प्राचार्य सर म्हणाले, "मॅडम, तुमचं एक्सेल चांगलंय, तुम्ही दोन घ्या." दोन म्हणजे टीचिंग-लर्निंग अँड इव्हॅल्युएशन. आणि एक्सेल चांगलं म्हणजे काय, तर आदल्या वर्षी गॅदरिंगच्या जेवणाचा हिशोब मी एक्सेलमधे करून दिला होता. तेवढंच.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. तापीकाठचं, तालुक्याच्या गावातलं, आर्ट्स-कॉमर्स-सायन्स, निम्मा स्टाफ सीएचबीवर (म्हणजे तासिका तत्त्वावर), रस्त्याच्या एका बाजूला केळी आणि दुसऱ्या बाजूला कापूस. खान्देशातलं कुठलंही समजा. लिहितेय एवढ्यासाठी की तेव्हा मी रात्र रात्र शोधत बसायचे आणि जे सापडायचं ते सगळं इंजिनिअरिंगवाल्यांचं, बीएससी-बीए शिकवणाऱ्याने काय करायचं हे कोणी सांगत नव्हतं.

आधी ज्यांना हे शब्द नवीन आहेत त्यांच्यासाठी. क्रायटेरिया दोनमधे २.६ नावाचा भाग आहे. पीओ म्हणजे प्रोग्राम आउटकम, तीन वर्षांची डिग्री संपली की पोरांना काय काय यायला पाहिजे ते. सीओ म्हणजे कोर्स आउटकम, तेच पण एका पेपरपुरतं. आणि अटेनमेंट म्हणजे ते खरंच आलं का, किती पोरांना आलं, हे आकड्यात दाखवायचं. मी १४ वर्षं शिकवतेय आणि इतकी वर्षं मला वाटायचं की रिझल्ट लागला की ते आकड्यात आलंच की. ८२ टक्के रिझल्ट म्हणजे ८२ टक्के पोरांना आलं. असं नसतं हे कळायलाच मला दिवाळी उजाडली.

जुलै आणि ऑगस्टचा अर्धा सगळ्या विभागांकडून सीओ गोळा करण्यात गेला. बहुतेक पेपरांच्या सिलॅबसमधे वरतीच सीओ छापलेले असतात, ते उचलून वेबसाईटवर टाकायचे एवढंच काम, पण १४ विभाग आणि प्रत्येकाची फाईल वेगळ्या फॉन्टमधे. कोणी वर्ड, कोणी स्कॅन, एका सरांनी हाताने लिहून व्हॉट्सॅपला फोटो पाठवला. मराठी विभागाची फाईल मात्र सगळ्यात आधी आली आणि एकदम देखणी, टेबल-बिबल करून. वाचायला घेतली तर पीओ नंबर सहा, 'इंजिनिअर आणि समाज'. खाली फूटरला कुठल्या तरी इंजिनिअरिंग कॉलेजचं नाव तसंच. सर म्हणाले अहो मॅडम मी तर फक्त फॉरमॅटसाठी घेतलं होतं. आम्ही दोघंही हसलो, पण नंतर तपासलं तर अजून तीन विभागांच्या फायलीत तीच भावंडं निघाली. तेव्हा पहिली टीप हीच, कोणाचीही एक्सेल घ्या, सगळेच घेतात, पण फूटर बघा आणि पीओ एकदा तरी वाचा.

दुसरी अडचण भाषेची. अर्ध्या सीओंची सुरुवात 'विद्यार्थ्याला अमुक समजेल' अशी. समजलं हे मोजायचं कसं? इथे ते ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं कामी येतं. १९५६ मधे ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या, २००१ मधे त्यात सुधारणा झाली: आठवणं, समजणं, वापरणं, फोड करणं, पारखणं, नवीन घडवणं. म्हणजे 'रोग समजेल' असं न लिहिता 'पान बघून रोग ओळखेल', 'कारण सांगेल', 'उपाय सुचवेल' असं लिहायचं, की मग त्यावर प्रश्न काढता येतो. आता गंमत अशी की सीओ अभ्यास मंडळ ठरवतं, ते कॉलेजला बदलता येत नाहीत. पण अंतर्गत परीक्षेचे प्रश्न आपले असतात. हे वाक्य मला खूप उशिरा सुचलं, तुम्ही आधीच कुठेतरी लिहून ठेवा.

२६ ऑगस्टला जळगावला एक दिवसाची कार्यशाळा होती. रजिस्ट्रेशन ५०० रुपये (कॉलेजने नंतर दिले, डिसेंबरमधे), एसटीला बायकांना हाफ तिकीट असल्यामुळे जाणं-येणं स्वस्तात पडलं. शिकवणारे सर इंजिनिअरिंगचे होते, ते एनबीएच्या (म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांच्या नॅकच्या) पद्धतीने शिकवत होते, पण हिशोब तोच. थोडक्यात असा: प्रत्येक प्रश्न कुठल्या सीओसाठी आहे ते ठरवायचं. त्या प्रश्नाला निम्मे किंवा जास्त मार्क किती पोरांना पडले ते मोजायचं. ७० टक्के पोरांना पडले तर लेव्हल ३, ६० टक्के तर २, ५० टक्के तर १, त्याखाली शून्य. हे आकडे वरून येत नाहीत, प्रत्येक कॉलेजने आपले ठरवायचे आणि मीटिंगच्या इतिवृत्तात नोंदवायचे. तो ठराव आम्ही विसरलो होतो, नंतर धावपळ करून आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या) मीटिंगमधे घेतला. तुम्ही आधी ठराव करा, मग आकडे.

मग अंतर्गत आणि विद्यापीठ परीक्षा मिळून 'डायरेक्ट', त्याचं वजन ८० टक्के, आणि पोरांना विचारलेला फॉर्म म्हणजे 'इनडायरेक्ट', त्याचं २० टक्के. हेही आपणच ठरवायचं. जेवणात वरण-भात होता आणि सगळे एकमेकांना एकच विचारत होते, तुमच्याकडे कोणी केलंय का हे खरं खरं?

मधे सप्टेंबरमधे टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, पोरांना घेऊन केळीच्या बागेत गेले. प्लांट पॅथॉलॉजीचा, म्हणजे वनस्पतींच्या रोगांचा, पेपर मी शिकवते, दरवर्षी ही व्हिजिट असते, कॉलेजपासून चार किलोमीटर, मोटरसायकलींवर. पावसाळ्यात नव्या लागवडीत हरण्या रोग दिसतो. पुस्तकात त्याला कुकुंबर मोझॅक व्हायरस म्हणतात, मावा ही कीड तो पसरवते. मी अजून चपला चिखलातून काढत होते तोवर एक पोरगं पाच-सहा ओळी पुढे जाऊन एका झाडाशी उभं राहिलं. पानावर पिवळ्या पट्ट्या, कोवळा पोंगा मुडपलेला. म्हणे, "मॅडम, हाऊ हरण्या शे. उपटी फेकनं पडी." (हा हरण्या आहे, उपटून फेकावं लागेल.) आणि शेतमालकाला विचारून उपटलंही, बाजूच्या झाडांना घासू न देता उभंच्या उभं बांधावर नेलं. मी फोटो काढले, रिपोर्टला लागतात म्हणून. बाकी काही डोक्यात नव्हतं.

१७ ऑक्टोबरला अंतर्गत चाचणी. २० मार्कांचा पेपर, पहिला प्रश्न ५ मार्क सीओ १, दुसरा ५ मार्क सीओ २, तिसरा १० मार्क सीओ ३. सीओ ३ म्हणजे पिकांचे रोग ओळखणं आणि नियंत्रण सांगणं. कापूस वेचणी सुरू झाली होती, ४६ पैकी १३ पोरं गैरहजर. त्यांची परत परीक्षा घेतली तीन दिवसांनी, त्यातले सहा पुन्हा आले नाहीत कारण मजूर मिळत नव्हते आणि घरचाच कापूस वेचायचा होता, शेवटी २ नोव्हेंबरला एकेकाला बोलावून बसवलं. शहरातल्या लोकांना वाटेल काय ही शिस्त. ज्याच्या घरी पाऊस येण्याआधी बोंडं घरात आणायची आहेत त्याला २० मार्कांची चाचणी कशी महत्त्वाची वाटेल तुम्हीच सांगा.

दिवाळीची सुट्टी लागली. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, १४ पासून मी एक्सेल घेऊन बसले. आणि इथे सगळ्यात मोठी अडचण आली. रजिस्टरमधे फक्त एकूण मार्क असतात. २० पैकी ११. त्यातले तिसऱ्या प्रश्नाला किती ते कुठेच नाही. म्हणजे उत्तरपत्रिका परत काढून प्रश्नवार मार्क भरायचे. माझ्या वर्गाच्या होत्या माझ्या कपाटात. पण मागच्या वर्षांचे? सीएचबीचे एक सर होते ते दुसरीकडे लागले, त्यांचे गठ्ठे आमच्या शिपाई आप्पांनी रद्दीच्या खोलीत टाकले होते. आप्पा सुट्टीतून खास आले, किल्ली आणली, बॅटरी आणली, आणि दोन तास धूळ खाऊन आम्ही दोन वर्षांचे गठ्ठे शोधले. एका गठ्ठ्याला उंदरांनी चांगलंच इव्हॅल्युएट केलं होतं. आप्पांना मी फराळ दिला, ते म्हणाले याच्यापेक्षा कापूस वेचणं सोपं.

तर उत्तरपत्रिका भरता भरता त्या पोराचा पेपर हाताशी आला. हरण्यावाला. तिसरा प्रश्न होता, केळीवरील विषाणूजन्य रोगाचं कारक, लक्षणं, प्रसार आणि नियंत्रण यांचं वर्णन करा. इंग्रजीतून. १० पैकी २. दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याही अडखळत, व्हायरसचं स्पेलिंगसुद्धा चुकलेलं. खाली मीच लाल पेनाने लिहिलं होतं, 'अभ्यास वाढवा'. आणि माझ्या मोबाईलमधे त्याच पोराचा फोटो, हातात उपटलेलं झाड.

मी पेन ठेवला आणि चहा करायला गेले. दुसरं काय करणार.

आकडे असे आले. सीओ १ ला ४६ पैकी ३४ पोरं निम्म्याच्या वर, म्हणजे ७४ टक्के, लेव्हल ३. सीओ २ ला २९ पोरं, ६३ टक्के, लेव्हल २. सीओ ३ ला १७ पोरं. ३७ टक्के. लेव्हल शून्य. बागांच्या मधे असलेल्या कॉलेजात, शेतकऱ्यांच्या पोरांना, पिकांचे रोग ओळखता येण्याचं अटेनमेंट शून्य!

डिसेंबरमधे एका सहकाऱ्यांना दाखवलं तर म्हणाले, "मॅडम, सगळीकडे अडीच ठेवा, दोन पॉईंट सहा ठेवा, कोण बघतंय." त्यांनी वाईट हेतूने नव्हतं सांगितलं, त्यांच्या तीन वर्गांचं काम, वर एनएसएसचं कॅम्प. मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण अडीच लिहायचं तर तेवढं खोटं ४६ ओळींत भरावं लागलं असतं आणि तेवढा उत्साह माझ्यात नव्हता.

त्याऐवजी जानेवारीत, तारीख १९, मी त्याच पोरांची एक साधी परीक्षा घेतली. मार्क धरणार नाही असं आधीच सांगितलं. नमुने पोरांनीच आणले, आपापल्या शेतातून, काही कॉलेजच्या हर्बेरियममधले (वनस्पतींच्या संग्रहातले) वाळलेले. टेबलावर दहा पेट्री डिश: केळीचा करपा, हरण्या, भेंडीचा केवडा, मिरचीचा चुरडा-मुरडा, पपईचा रिंगस्पॉट, गव्हाचा तांबेरा, ज्वारीची काणी, अशा. आणि मुद्दाम एक कापसाचं लाल्या पडलेलं पान. लाल्या हा जंतूने होणारा रोग नाही, मॅग्नेशियम वगैरे कमी पडलं की पान लाल होतं, बघायचं होतं किती जण फसतात. प्रत्येक डिशसाठी दोन रकाने. एक, हे काय आहे. दोन, कशामुळे आणि काय कराल. मराठीत लिहा, अहिराणीत लिहा, काहीही.

४१ पोरं आली. ओळखण्यात ३३ पोरांना निम्म्याच्या वर. ८० टक्के! लेव्हल ३. मी खूश होऊन दुसरा रकाना तपासायला घेतला आणि तिथे १४. म्हणजे ३४ टक्के, परत शून्य. बहुतेकांनी व्हायरसच्या रोगावर बुरशीनाशक मारा असं लिहिलं होतं. कृषी केंद्रवाला जे देतो ते. लाल्यावर सुद्धा फवारणी. आणि तो हरण्यावाला? ओळखायला १० पैकी ९. हरण्यापुढे त्याने लिहिलं होतं, उपटून टाका, औषध नाही. का, तर रकाना रिकामा. झाड उपटायचं हे त्याला बापाने शिकवलंय, मी शिकवायचं होतं ते मावा आणि विषाणू, ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

म्हणजे पोरांना सगळं येतं आणि पेपर वाईट, असं म्हणायची सोय राहिली नाही. अर्धं त्यांना घरून येत होतं ते माझ्या प्रश्नात दिसत नव्हतं, आणि अर्धं खरंच येत नव्हतं. एकाच १० मार्कांच्या प्रश्नात मी दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या, वर इंग्रजी, म्हणून तिन्हीचा मिळून एक २ आला.

फेब्रुवारीत विद्यापीठ परीक्षेचे मार्क हातात आले. विद्यापीठाचे मार्क म्हणजे विषयाचे एकूण, प्रश्नवार नाही, सगळीकडे असंच असतं. ६० पैकी ३० च्या वर ३१ पोरं, ६७ टक्के, लेव्हल २. आता हा २ तिन्ही सीओंना सारखाच लावायचा. आमच्याकडे अंतर्गत ४०, विद्यापीठ ६०, तेव्हा सीओ ३ चं गणित: शून्याचे ४० टक्के शून्य, २ चे ६० टक्के १.२. डायरेक्ट अटेनमेंट १.२ झालं. मग पोरांचा फॉर्म. गुगल फॉर्म पाठवला, तुम्हाला रोग ओळखता येतात का, १ ते ३ मधे सांगा. सरासरी २.८ आली. नंतर कळलं की एका पोरीने तिच्या चार मैत्रिणींचे फॉर्म एसटीत बसल्या बसल्या भरले होते. असो. १.२ चे ८० टक्के ०.९६, २.८ चे २० टक्के ०.५६. बेरीज १.५२.

शून्याचं दीड झालं. मी काहीही खोटं केलेलं नाही, फॉर्म्युल्यानेच केलं. हे मी दोनदा तपासलं कारण माझाच विश्वास बसेना. म्हणून माझी टीप, शेवटचा आकडा बघू नका, अंतर्गत परीक्षेच्या प्रश्नवार रकान्यात बघा, जे काही कळायचं ते तिथेच कळतं. पुढे बेरजा वाढत जातात तसं ते पातळ होत जातं. सीओचं पीओशी मॅपिंग करून (कुठला सीओ कुठल्या पीओला किती लागतो ते मांडून) पीओचं अटेनमेंट काढलं तेव्हा तर आमच्या सगळ्या विभागांचे आकडे १.९ ते २.३ च्या मधे येऊन बसले, बॉटनी काय आणि इतिहास काय, ओळखू येईना.

मे महिना फायलींचा. ४४-४५ डिग्री, दुपारी लाईट जायची, यूपीएस सात मिनिटं टिकायचं. १० मेला अखाजी (अक्षय्य तृतीया) होती, आईचे दोन फोन आले, झोका बांधलाय ये म्हणून, नाही गेले. १३ ला लोकसभेचं मतदान, मला इलेक्शन ड्युटी, १२ ला साहित्य घ्यायचं, १३ ला रात्री अकरानंतर जमा. १५ पासून परत २.६. झेरॉक्स आणि स्पायरल मिळून १,८४० रुपये झाले, बिलं जपून ठेवा, लगेच लावा, मी लावली नाहीत आणि मग आर्थिक वर्षाचा प्रश्न आला. पीडीएफ अपलोड करताना साईझ मोठी होते, मोबाईलने फोटो काढून पीडीएफ करू नका, कॉलेजच्या स्कॅनरवर ब्लॅक अँड व्हाईटमधे करा. आणि प्रत्येक लिंक दुसऱ्याच्या फोनवरून उघडून बघा, माझ्या फोनवर सगळं उघडत होतं कारण मी लॉगिन होते.

पीअर टीम, म्हणजे नॅकची तपासणी करणारी मंडळी, सप्टेंबर २०२४ मधे आली, दोन दिवस. आमच्या विभागात २० मिनिटं असतील. मी रात्रभर जागून पाठ केलेलं मॅपिंग कोणी विचारलंच नाही. एका मॅडमनी फाईल चाळली, १.५२ वर बोट ठेवलं. बाकी सगळं दोनच्या वर आणि हे का असं? मी म्हटलं, खरं तर ते शून्य आहे. आणि पेट्री डिशचे फोटो, दोन रकाने, सगळं दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मग विचारलं, "यावर्षीचा पेपर दाखवा." नशीब तो होता. तिसऱ्या प्रश्नाचे दोन तुकडे केले होते, अ मधे पानांचे नमुने ओळखा, ब मधे कारण आणि उपाय, प्रत्येक प्रश्नापुढे सीओ नंबर छापलेला. मार्कांची शीट आधीच प्रश्नवार. त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि चाचणीची तारीख का बदलली विचारलं, कारण ती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेतली होती. म्हटलं, वेचणीच्या आधी. त्या विदर्भातल्या होत्या, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

या वेळी ब चं अटेनमेंट ५४ टक्के आलंय. लेव्हल १. बुरशीनाशक अजून मारतातच काही जण.

२०२४ मधे पहिल्या वर्षाला एनईपीचा (नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा) नवा अभ्यासक्रम आला, म्हणजे सगळे सीओ नवे, परत १४ विभाग, परत फॉन्ट. प्राचार्य सरांनी क्रायटेरिया दोन माझ्याकडेच ठेवलाय. कोणाला एक्सेल हवी असेल तर देईन, रकाने सोपे आहेत, फॉर्म्युले लॉक केलेले नाहीत. फक्त फूटरमधलं आमचं नाव काढा.